पहिल्या अर्ध्या मिनिटातच प्रेक्षक का पळतो? सोलापूरच्या यूट्यूबवाल्यांनो, या चुका टाळा

व्हिडिओ चालला नाही की आपल्याकडे पहिला दोष अल्गोरिदमला आणि दुसरा मोबाईलच्या कॅमेऱ्याला. लोक नेमक्या कुठल्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या यूट्यूबच्याच अ‍ॅपमध्ये) आयता तयार असतो, तो उघडायचा मात्र कंटाळा. अपलोड केल्यावर एक-दोन दिवसांनी त्या व्हिडिओचं अ‍ॅनालिटिक्स उघडा. किती टक्के लोक 30 सेकंदांपर्यंत टिकले, तेही तिथेच दिसतं.

हा आकडा शोभेचा नाही. नुसत्या व्ह्यूजपेक्षा पाहण्याच्या वेळेला जास्त वजन द्यायला यूट्यूबने 2012 मध्येच सुरुवात केली. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबरसोबत वर्षभरात लोकांनी पाहिलेले 4000 तास लागतात, आणि शॉर्ट्सच्या, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंच्या, फीडमध्ये पाहिलेला वेळ त्यात धरत नाहीत. दुसरा रस्ता शॉर्ट्सचा, त्याला 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज पाहिजेत. म्हणजे बहुतेकांसाठी लांब व्हिडिओच आला, आणि तो लोकांनी शेवटाकडे पाहायला हवा.

सुरुवातीला सत्कार समारंभ

शेंगा चटणीचा व्हिडिओ घ्या. आधी फिरणारा लोगो, मग सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन, मग ‘नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे’, मग सबस्क्राइब करा, घंटी दाबा, मागच्या व्हिडिओला प्रेम दिल्याबद्दल आभार. शेंगदाणा अजून डब्यातच. ड्रोनचा शॉट देखणा असतो, पण चटणीत त्याचं काय काम?

हाच व्हिडिओ उखळापासून सुरू करा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ कुटता कुटता एका क्षणी तेल सुटतं, भुगा ओलसर होऊन मुसळाला चिकटायला लागतो, रंग गडद होतो. तो क्षण जवळून, कुटण्याच्या आवाजासकट, पहिल्या पाच सेकंदांत दाखवा. लगेच एक वाक्य: ‘मिक्सरमध्ये असं तेल का सुटत नाही आणि नुसताच कोरडा भुगा का होतो, ते आज बघू.’ आता प्रेक्षकाला थांबायला कारण मिळालं. ओळख नंतर करून द्या, दाणे भाजता भाजता. मंद आचेवरचं ते भाजणं मात्र पूर्ण दाखवत बसू नका. कच्चा दाणा, साल सुटायला लागलेला दाणा आणि चोळल्यावर साल निघणारा दाणा, एवढे तीन तुकडे पुरतात.

थंबनेलवर चादर, आत नॅपकिन

‘शंभर रुपयांत सोलापुरी चादर’ असं थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, लिहून आत नॅपकिनचा भाव सांगितला तर क्लिक मिळेल, माणूस टिकणार नाही. आलेख सुरुवातीलाच कड्यावरून पडल्यासारखा दिसला की आधी इंट्रो तपासा आणि मग शीर्षक. शीर्षकात जे कबूल केलंय ते पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसायला लागलं पाहिजे.

आवाजाकडे दुर्लक्ष

चित्र थोडं धूसर असलं तर लोक चालवून घेतात, शब्द कळला नाही तर नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये मालकाची मुलाखत हा आपला लाडका प्रकार. त्या खडखडाटात कॉलरचा माईकही हात टेकतो. मुलाखत बाहेर ओट्यावर घ्या, मागांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा आणि बोलण्याखाली हळू लावा. बोलताना पुस्तकी मराठीचा आव आणू नका. ‘काय बे’ म्हणणारा माणूस कॅमेऱ्यासमोर अचानक वृत्तनिवेदक झाला की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आठ मिनिटांसाठी पाणी घालणं

व्हिडिओ 8 मिनिटांचा झाला की मध्ये जाहिरात टाकता येते. म्हणून साडेचार मिनिटांचा विषय ताणला जातो. आमटीत पाणी ओतलेलं सोलापूरकराला पहिल्या भुरक्यात कळतं, इथेही तसंच. विषय साडेचार मिनिटांचा असेल तर तेवढ्यावरच थांबा.

आलेख वाचायचा कसा

हळूहळू उतरणारी रेघ नेहमीचीच, तिची काळजी नको. मध्येच खड्डा दिसला तर लोकांनी तो भाग पुढे ढकललाय. बहुतेकदा तिथे प्रायोजकाचं कौतुक किंवा सांगितलेलंच पुन्हा सांगणं सापडेल. उंचवटा म्हणजे तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. तिखट-मिठाच्या प्रमाणापाशी उंचवटा आला तर खूश होण्याआधी ऐकून बघा, कदाचित तुम्ही ते घाईत बोलून गेलात. पुढच्या वेळी प्रमाण पडद्यावर लिहा. तुलना आपल्याच तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओशी करा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या चॅनेलशी नको.

पडलेला व्हिडिओ डिलीट करू नका

पुन्हा अपलोड केला तर व्ह्यूज आणि कमेंट दोन्ही जातात. स्टुडिओतल्या एडिटरने लांबलेला इंट्रो किंवा मधला रटाळ तुकडा कापता येतो, लिंक तीच राहते. शीर्षक आणि थंबनेलही बदलता येतं.

लांब व्हिडिओला चॅप्टर द्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा तासाभराचा व्हिडिओ असेल तर तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम असे टप्पे वर्णनात वेळेसकट लिहा. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक टप्पा निदान 10 सेकंदांचा. संमती कट्ट्यावरच्या अक्षतांसाठी आलेला माणूस गर्दीचे शॉट बघत बसणार नाही. त्याला थेट तिथे जाऊ द्या.

शेवटी ‘चला तर मग, भेटू पुढच्या व्हिडिओत’ म्हटलं की अंगठा लगेच वर सरकतो. एंड स्क्रीन, म्हणजे पुढच्या व्हिडिओची चौकट, शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत लावता येते. निरोप न घेता तिथेच पुढचा विषय काढा: चटणी झाली, आता तिच्यासोबतची कडक भाकरी महिनाभर कशी टिकते ते या व्हिडिओत. आणि तो व्हिडिओ खरंच तिथे लावलेला असू द्या.