चेहऱ्याआधी हात पाहावेत : जैन गुरुचित्रणाचा अभ्यास करताना

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी मला एका संग्रहालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काही महिने काम करता आले, आणि पहिल्याच आठवड्यात पंधराव्या शतकातील कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाच्या सुट्या पानांची वर्णने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांतल्या एका पानावर लाल पार्श्वभूमीवर उंच आसनावर बसलेले एक मुनी होते, त्यांच्यासमोर आकाराने लहान असे दुसरे मुनी हात जोडून बसले होते, आणि दोघांच्या मध्ये काड्यांच्या तिवईवर काहीतरी ठेवलेले होते. मी वर्णन लिहिले : ‘शिष्यास उपदेश करणारे भगवान महावीर, मध्ये तिवईवर पाण्याचे भांडे.’ या एका ओळीत दोन चुका होत्या. जैन कलेतील गुरूंचे चित्रण हा विषय अभ्यासासाठी घेऊ इच्छिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिताना मी त्या दोन चुकांपासूनच सुरुवात करते, कारण पुढे जे काही शिकले ते त्या नीट समजून घेतानाच शिकले.

पहिली चूक व्यक्तीची होती. पश्चिम भारतीय शैलीच्या हस्तलिखितांत केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालेले तीर्थंकर बहुधा समोरून, ध्यानस्थ आणि समवसरण या दिव्य उपदेशसभेच्या मध्यभागी दाखवतात. माझ्या पानावरच्या मुनींचा चेहरा मात्र पाऊण वळलेला होता आणि पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर आलेला होता. त्यांच्या उजव्या हातात कापडाची लहान घडी होती, एक खांदा उघडा होता आणि काखेपाशी लोकरीच्या दशांचा गुच्छ दिसत होता. कापडाची ती घडी म्हणजे तोंडापुढे धरायची मुहपत्ती आणि तो गुच्छ म्हणजे जीवजंतू हळुवार दूर करण्याचे रजोहरण, ज्याला बोलीत ओघा म्हणतात. ही उपकरणे धारण करणारी व्यक्ती श्वेतांबर साधू असते, आणि उंच आसन व समोर बसलेला शिष्य यांवरून ते आचार्य आहेत हे कळते. कल्पसूत्र केवळ तीर्थंकरांच्या चरित्रांपाशी थांबत नाही. त्यात स्थविरावली आहे, म्हणजे महावीरांनंतरच्या आचार्यांची परंपरा आहे, आणि सामाचारी म्हणजे साधूंच्या वर्षावासाचे नियमही आहेत. माझे पान या उत्तरार्धातले होते. पानाच्या मागचा मजकूर वाचला असता तर चित्र पाहण्याआधीच हे कळले असते, म्हणून चित्राच्या आधी पान उलटून मजकूर पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

दुसरी चूक अधिक खोल होती, आणि ती मला कोणत्याही ग्रंथालयात सुधारता आली नाही. चातुर्मासात पुण्याच्या गुरुवार पेठेतील एका उपाश्रयात, म्हणजे साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, मी ओळखीच्या काकूंबरोबर गेले होते. तेथील वयोवृद्ध साध्वीजींना मी पानाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्यांनी क्षणभर पाहून ‘बेन, हे भांडे नाही, हे तर आमचे स्थापनाजी’ असे सांगितले आणि दुपारी पडिलेहणाच्या, म्हणजे उपकरणे तपासण्याच्या, वेळी थांबायला सांगितले. त्या वेळी त्यांनी ठवणीवरचे, म्हणजे तिवईवरचे, बोचके उतरवून त्याची वस्त्रे एकेक करून अत्यंत जपून उलगडली, आतील शंखासारखे अक्ष तपासले आणि त्याच क्रमाने पुन्हा बांधून ठेवले. स्थापनाजी किंवा स्थापनाचार्य म्हणजे गुरूंचे अस्तित्व मानून पुढे ठेवलेली वस्तू. गुरू प्रत्यक्ष नसताना तिच्या साक्षीने धर्मक्रिया करतात. ज्या वस्तूला मी पाण्याचे भांडे म्हटले होते, ती चित्रातील सर्वांत आदराची वस्तू होती. चित्रात आचार्य प्रत्यक्ष बसलेले असतानाही ती मध्ये असते, कारण त्यांच्याही मागे त्यांच्या गुरूंची परंपरा उभी आहे, असा अर्थ मला त्या दुपारी प्रथम जाणवला.

तेव्हापासून मी माझ्या विद्यार्थ्यांना चेहऱ्याआधी हात पाहायला सांगते. चेहरे जवळपास एकसारखेच असतात आणि त्यांत चित्रकाराचे अपयश नाही. त्याला गुरू दाखवायचे असतात ते त्यांच्या पदावरून, आचारावरून आणि समोर कोण बसले आहे यावरून. खालच्या पट्टीत साध्वी, श्रावक आणि श्राविका असतील तर ते साधू, साध्वी, श्रावक, श्राविका अशा चतुर्विध संघाचे दृश्य होते आणि आचार्य संघाचे प्रमुख म्हणून समजून घ्यावे लागतात. जिथे विशिष्ट व्यक्तीच अभिप्रेत असते, तिथे चित्रकार नाव लिहितो. श्वेतांबर आचार्य जिनदत्तसूरींच्या काळातील, बाराव्या शतकातील लाकडी पाटल्यांवर, म्हणजे हस्तलिखितांच्या वर-खाली ठेवायच्या फळ्यांवर, मुनींच्या शेजारी त्यांची नावे अक्षरांत दिलेली आहेत. त्याच शतकात गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह याच्या दरबारात श्वेतांबर वादी देवसूरी आणि दिगंबर कुमुदचंद्र यांचा प्रसिद्ध वाद झाला. तो प्रसंगही एका पाटलीवर रंगवलेला आहे. नवशिक्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही, कारण दोन्ही संप्रदायांचे साधू एकाच फळीवर आपापल्या खुणांसह भेटतात.

दिगंबर परंपरेकडे वळताना संपूर्ण शब्दसंग्रह बदलावा लागतो. तिथे मोरपिसांची पिच्छी, म्हणजे लहान कुंचा, आणि कमंडलू या खुणा असतात. उपाध्याय, म्हणजे शास्त्र शिकवणारे साधू, हातातील ग्रंथावरून ओळखू येतात आणि उत्तर प्रदेशातील देवगडच्या शिल्पांत ते विपुल दिसतात. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील चंद्रगुप्त बस्ती या जैन मंदिराच्या दगडी जाळ्यांवर आचार्य भद्रबाहू आणि त्यांचा शिष्य सम्राट चंद्रगुप्त यांची कथा लहान लहान चौकटींत कोरलेली आहे; ती पाहायला किमान एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. मात्र या दोन परंपरांची विभागणी प्राचीन शिल्पांवर जशीच्या तशी लादू नये. मथुरेच्या कंकाली टेकडीवरून मिळालेल्या, (इसवी सनाच्या नव्हे, कुषाणकालीन गणनेच्या) 95 या वर्षाचा उल्लेख असलेल्या शिलापट्टावर कण्ह नावाचे श्रमण नग्न असूनही हातावर वस्त्र धरून उभे आहेत, आणि आजच्या कोणत्याही एका चौकटीत ते बसत नाहीत.

मराठी विद्यार्थ्याला या विषयात स्वतःच्या भूमीचा धागा हवा असेल, तर त्याने कालकाचार्य कथेपासून सुरुवात करावी. ही कथा अनेकदा कल्पसूत्राच्या जोडीनेच लिहिली गेली. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीचे अपहरण केले, तेव्हा तिचे बंधू कालकाचार्य शक राजांकडे, म्हणजे ‘साहीं’कडे, गेले आणि त्यांच्या साह्याने तिची सुटका केली. चित्रांत साही परकीय पोशाखात आणि समोर पांढऱ्या वस्त्रातील आचार्य, असा देखणा विरोध दिसतो. पुढे आचार्य आपल्या पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानला, येतात. तिथे पंचमीला इंद्रमहोत्सव असल्यामुळे सातवाहन राजा पर्युषण या वार्षिक व्रतपर्वाची तिथी बदलण्याची विनंती करतो आणि आचार्य भाद्रपद शुद्ध चतुर्थी ठरवतात. राजा नम्र होऊन आचार्यांपुढे बसलेला आहे, असे चित्र समोर आले की ते गोदाकाठी घडलेल्या प्रसंगाचे असू शकते, हे आपल्याकडचे विद्यार्थी सहसा लक्षात घेत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुण्यात या अभ्यासाची साधने चांगली आहेत. मुंबई सरकारने 1866 पासून जमवलेला हस्तलिखितांचा संग्रह 1918 मध्ये डेक्कन कॉलेजातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे आला; त्यातील जैन हस्तलिखितांची हीरालाल रसिकदास कापडिया यांनी केलेली वर्णनात्मक सूची उघडूनच कामाला लागावे. प्राकृतासाठी सन्मति-तीर्थ या संस्थेचे वर्ग आहेत. अर्धमागधी या प्राकृत भाषेचा किमान एक वर्षाचा अभ्यास झाल्याशिवाय चित्रांवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लिपीत पडिमात्रा ओळखायला शिकावे, म्हणजे ‘ए’ची मात्रा अक्षराच्या वर न येता त्याच्या आधी उभ्या रेषेसारखी येते, ती ‘आ’चा काना समजून मी पहिल्या वर्षी कितीतरी नावे चुकीची उतरवली. पुष्पिकेतील, म्हणजे हस्तलिखिताच्या शेवटच्या नोंदीतील, विक्रम संवतातून साधारण 57 वजा केले की इसवी सन मिळतो, परंतु महिना पाहून 56 की 57 हे ठरवावे लागते. उपाश्रयात आणि मंदिरात परवानगीशिवाय छायाचित्र घेऊ नये, चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, आणि साधू-साध्वींना भेटायचे असेल तर चातुर्मासाचे चार महिने सोडू नयेत, कारण एरवी ते विहारात, म्हणजे पायी प्रवासात, असतात. वेतनाची नोकरी संग्रहालये, हस्तलिखित-सूचीकरण आणि अध्यापन यांत मिळते. जागा थोड्या आहेत आणि त्या मिळायला वेळ लागतो.

गुरूंचे चित्रण मानवी आकृतीपुरतेच मर्यादित नाही, हे सारसबागेजवळच्या दादावाडीत गेल्यावर उमजते. खरतर गच्छ या श्वेतांबर साधुशाखेतील दादागुरूंची, म्हणजे पूज्य मानलेल्या पूर्वाचार्यांची, पूजा अनेक ठिकाणी चरणपादुकांच्या रूपाने होते. पादुकांभोवती संवत, तिथी, गच्छ आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरण्याची रीत आहे, त्यामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याला पादुका कित्येकदा मूर्तीइतकेच सांगून जातात. आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना 1610 मध्ये पाठवलेल्या विज्ञप्तिपत्रात, म्हणजे चित्रित विनंतिपत्रात, चित्रकार शालिवाहनाने जहांगीराचा दरबार रंगवला आहे. तिथे मुघल दरबारी शैलीच्या प्रभावाने माणसांचे चेहरे वेगळे होऊ लागतात.

सध्या मी याच्याही पुढच्या काळाकडे पाहते आहे. कुंथलगिरीवर 1955 मध्ये सल्लेखना, म्हणजे उपवासाने देहत्यागाचे व्रत, घेतलेले दिगंबर आचार्य शांतिसागर आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील स्थानकवासी आचार्य आनंदऋषी यांची छायाचित्रे पुण्यातील अनेक जैन घरांत भिंतीवर असतात. स्थानकवासी परंपरा मूर्तिपूजा मानत नाही, तरीही गुरूंचे छायाचित्र ती घरात आदराने ठेवते. कॅमेऱ्यामुळे गुरूंचा खरा चेहरा घराघरांत पोहोचला खरा, पण आनंदऋषींच्या छायाचित्रात तो अर्धा मुहपत्तीने झाकलेला असतो, आणि शांतिसागरांच्या छायाचित्रात नजर आपोआप पिच्छीकडे जाते. अशी छायाचित्रे ज्या घरांत आहेत, तिथे मी आता ती कोणी काढली, केव्हा काढली आणि बैठक कोणी ठरवली, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून घेते आहे.