विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त लोक गंडतात ते तिकिटावरच्या वेळांमध्ये. सुटायची वेळ, पोचायची वेळ, केली वजाबाकी आणि झाले मोकळे! अहो, पण त्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. टोकियो ते लॉस एंजेलिस घ्या. हिवाळ्यात संध्याकाळी ५ ला निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी १० ला उतरतं, म्हणजे कागदावर निघायच्या ७ तास आधीच पोचलं. अशा वेळी दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणायच्या. टोकियो ९ तास पुढे, म्हणून संध्याकाळच्या ५ चे सकाळचे ८ झाले, लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणून सकाळच्या १० चे संध्याकाळचे ६, आता करा वजाबाकी, आले १० तास.

"हिवाळ्यात" हे मुद्दाम लिहिलंय बरं का. अमेरिका उन्हाळ्यासाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडनचा फरक ५ चा ४ तास होतो.

दुसरी चूक म्हणजे विमानाचा वेग सरसकट ताशी ९०० किमी धरून किलोमीटर भागिले ९०० करणं. वरच्याच रूटचं अंतर साधारण ८,८०० किमी, भागलं की पावणेदहा-दहा तास येतात आणि वाटतं जमलं की! परतीला मात्र तेच अंतर कापायला १२ च्या आसपास तास लागतात, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहत असतो, जाताना ढकलतो, येताना अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोचलं होतं ते याच वाऱ्यावर. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही धरलेलं असतं. तेव्हा दोन्ही दिशा वेगवेगळ्या बघा.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढत असाल तर ते आजच बंद करा. पृथ्वी गोल आहे, न्यूयॉर्क-हाँगकाँगचा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. बरं, अंतर सांगणाऱ्या साइटवर दिसतो तो आकडा बहुतेक वेळा हाच सगळ्यात कमी अंतराचा असतो, विमान त्याच रेषेवरून जाईल असं नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या विमानांना रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि हेलसिंकी-टोकियो ९-साडेनऊ तासांवरून १३ तासांवर गेलं, विमानतळ होते तिथेच आहेत!

आकडा मैलात असेल तर कुठला मैल ते बघा, सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा १.६ चा.

आणि डायरेक्ट म्हणजे नॉनस्टॉप नव्हे. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची क्यूएफ १ ही फ्लाइट एकाच नंबरने सिडनीहून लंडनला जाते, पण मधे सिंगापूरला उतरते, तो थांबा धरूनच एकूण वेळ काढा.