शरदातल्या सकाळी बोरिवलीच्या जंगलात निसर्गनिरीक्षण कसे करावे

पाऊस परतल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात निरीक्षणासाठी फार मोलाचा असतो, कारण तेव्हा रान अजून हिरवे असते, पावसाळ्यात वाढलेले कोळी आणि कीटक पूर्ण आकाराचे झालेले असतात आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षीही येऊ लागतात. ऑक्टोबरात सूर्योदय साधारण साडेसहाच्या सुमारास होतो आणि नऊनंतर ऊन असह्य होते, म्हणून प्रवेश सुरू होताच आत जावे. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते.

मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, पाणी, वही आणि पेन्सिल एवढे पुरेसे आहे. दुर्बीण असल्यास उत्तम. हे बिबट्यांचे जंगल आहे. त्यामुळे एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना पुढे धावू देऊ नये आणि आतल्या पायवाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

आत शिरल्यावर लगेच चालू लागू नये. दहा मिनिटे एका जागी उभे राहून फक्त ऐकावे. मात्र आवाजावरून पक्ष्याचे नाव घाईने लिहू नये, कारण शेपटीच्या टोकाशी दोन पिसे मिरवणारा पल्लवपुच्छ कोतवाल इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. कोतवाल दिसला तर त्याच्या आसपासच्या फांद्याही न्याहाळाव्यात. अनेकदा लहान पक्ष्यांचा मिश्र थवा त्याच्यासोबत फिरत असतो.

यानंतर नजर डोळ्यांच्या उंचीवर आणावी. दोन झाडांच्या मधे जायंट वुड स्पायडर या मोठ्या रानकोळ्याचे भलेमोठे जाळे असते आणि त्याचे धागे तिरप्या उन्हात सोनेरी दिसतात. प्रकाश जाळ्याच्या पलीकडून येईल असे उभे राहावे. मधोमध डोके खाली करून बसलेली, तळहाताएवढ्या पसाऱ्याची असते ती मादी. नर शोधायला धीर लागतो, कारण तो अवघ्या काही मिलिमीटरचा, तांबूस, आणि तिच्याच जाळ्यात वरच्या बाजूला असतो. काही वेळा त्याच जाळ्यात दवाच्या थेंबांसारखे चमकणारे इवले चंदेरी कोळीही आढळतात. मादीने पकडलेल्या भक्ष्यातला वाटा ते चोरून खातात. माझ्या मते अशा एका जाळ्यापाशी अर्धा तास घालवणे हे चार किलोमीटर भराभर चालण्यापेक्षा अधिक शिकवणारे आहे. जाळ्याला हात लावू नये आणि ते वाटेत आडवे आले तर बाजूने जावे.

सागाची पाने उन्हाकडे धरल्यासारखी खालून पाहावीत, तोडू मात्र नयेत. पुष्कळ पानांचा हिरवा गर अळ्यांनी खाऊन टाकलेला असतो आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी उरलेली असते. हा रोग नसून एका पतंगाच्या अळीचे काम आहे. उतारांवर कारवी हे आठ वर्षांतून एकदाच फुलून मरणारे झुडूप दिसेल. येथे ती २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये सामूहिकपणे फुलली, त्यामुळे पुढचा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर वाढणाऱ्या नव्या रोपांची उंची दर शरदात नोंदवत राहण्यासारखी आहे.

नोंद जागेवरच करावी: तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि प्राण्याची हालचाल. नाव माहीत नसेल तर रंग, आकार आणि वर्तन लिहावे. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर देता येतात. परंतु घुबडाचे घरटे किंवा बिबट्याच्या वावराची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण दुसऱ्याच दिवशी तेथे कॅमेरेवाल्यांची गर्दी होते आणि तो प्राणी जागा सोडून जातो.