स्पेक्ट्रमसाठी असेंब्लर निवडताय? या चुका टाळा

"मामा, प्रोग्राम लोड होतो, पण पुढं काहीच होत नाही. मशीनच खराब दिसतंय."

परभणीला माझ्या भाच्यानं जुना ४८ के (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा) झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, मिळवला, त्याची ही पहिली तक्रार. पास्मो या असेंब्लरनं (म्हणजे लिहिलेल्या सूचना प्रोसेसरच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामनं) टेपची फाईल बनवायची, मोबाईलवरून वाजवून वायरनं मशीनमध्ये सोडायची, इथवर सगळं बरोबर. पडद्यावर शेवटी '० ओके' येऊन थांबायचं. मी कोडची शेवटची ओळ पाहिली. तिथं नुसतं 'एन्ड' होतं. पास्मोच्या 'टॅपबास' पर्यायानं तयार होणारा लोडर (बेसिक भाषेतला, कोड मेमरीत आणणारा छोटा प्रोग्राम) तो कोड आपोआप तेव्हाच चालवतो, जेव्हा 'एन्ड'पुढे सुरुवातीचा पत्ता असतो. तोवर हातानं 'रॅन्डमाइज यूएसआर ३२७६८' टाकलं (टी दाबलं की रॅन्डमाइज हा अख्खा शब्द उमटतो, पोराला त्याचंच जास्त अप्रूप!) आणि पडद्याची कड लाल झाली. मग ओळ 'एन्ड ३२७६८' केली, विषय मिटला.

त्याआधी त्यानं दोन असेंब्लर बदलून पाहिले होते. तिथं वेगळाच घोळ. जुन्या मासिकातला कोड हायसॉफ्ट कंपनीच्या जेन्स या जुन्या असेंब्लरसाठी लिहिलेला. जेन्स गणित सरळ डावीकडून उजवीकडे करतो, म्हणजे २+३*४ चं उत्तर २०. आजचे असेंब्लर १४ काढतात. चूक दाखवणारा संदेश येत नाही, फक्त चित्र भलत्याच जागी उमटतं. म्हणून कोड ज्या असेंब्लरसाठी लिहिलाय तो आधी ओळखा. अशा कोडमध्ये कंस घालून घ्या.

प्रोसेसर न बघता असेंब्लर उतरवणारेही भेटतात. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८०, त्याला झेड८० चाच असेंब्लर लागतो. १९८४ च्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पात शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो हाती आला असेल, तर तो ६५०२ प्रोसेसरवाला. त्याच्या बेसिकमध्येच असेंब्लर आहे, वेगळा शोधूच नका.

मशीनवरच असेंब्लर चालवायची हौस मला कळते. पण ४८ के मेमरीत असेंब्लर, तुमचा मजकूर आणि तयार कोड, तिघांचा संसार. त्यात आपल्याकडची लाईट! एकदा गेली की दोन तासांचं टायपिंग पाण्यात. लॅपटॉपला बॅटरी तरी असते.

सुरुवातीला पास्मो पुरे. मॅक्रो (एका नावाखाली बांधलेल्या सूचना) आणि १२८ के मॉडेलच्या मेमरीचे कप्पे, म्हणजे बँका, लागल्या की एसजेएएसएमप्लस हा असेंब्लर घ्या. फक्त त्यात सूचना ओळीच्या अगदी सुरुवातीला लिहू नका, थोडी जागा सोडा, नाहीतर तो तिला लेबल समजतो. आणि त्यातून एसएनए फाईल (मेमरीची जशीच्या तशी नक्कल) काढली तर ती एम्युलेटरवर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालेल. खऱ्या मशीनला वायरनं द्यायला टेपची (टॅप) फाईलच हवी.

बेसिकमध्ये परतताना मशीन अडकत असेल, तर मात्र असेंब्लर बदलून उपयोग नाही. प्रोसेसरच्या आयवाय या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या आतल्या जागेत) २३६१० हवं, आणि एचएल या रजिस्टर-जोडीच्या पर्यायी संचातली किंमत सुरुवातीला होती तीच परत हवी. भाच्याच्या तिसऱ्या प्रोग्राममध्ये आयवायच बिघडलं होतं.