दगडावर लिहिलंय म्हणून खरं धरू नका! अमेरिकेतल्या जुन्या घराण्याची वंशावळ कशी काढायची

आमचा जावई मॅसॅच्युसेट्सचा. नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितला, आमच्या बाजूचं कुलवृत्तांत उघडून तासाभरात झालं, जावयाकडचं मात्र त्याच्या पणजोबांपाशीच अडकलं आणि मग मला जो नाद लागला तो अजून सुटलेला नाही. कुणाला उपयोग झाला तर होईल म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे आजपासून एकेक पिढी मागे जायचं, एकदम मेफ्लॉवरवर, म्हणजे इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला वसाहत करायला आलेल्यांच्या जहाजावर, उडी मारायची नाही. १६२० साली त्या जहाजावर जेमतेम १०२ प्रवासी होते, त्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले, पण आडनाव जुळलं की तिकडे जो तो त्यांचा वंशज! १८५० पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव सापडतं. १७९० ते १८४० मध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे, आणि १८९० ची तर १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरलीच नाही.

त्याच्या मागे जायचं तर गावाचं दप्तर. मॅसॅच्युसेट्समधल्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी गाववार छापलेल्या आहेत, ऑनलाइन फुकट बघता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर खातं उघडा, पैसे लागत नाहीत.

खरी पंचाईत होते ती बायकांची. लग्न झालं की माहेरचं नाव गायब. अशा वेळी मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त काढायचे, हे सगळं काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) दप्तरात असतं आणि आता फॅमिलीसर्चवर हस्तलिखित दस्तांमध्येही नाव टाईप करून शोधता येतं. मी अशाच एका बाईला तिच्या नवऱ्याच्या बाजूने आठवडेच्या आठवडे शोधत बसले होते, आणि बाई सापडली ती शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या मृत्युपत्रात, थोरल्या मुलीला एक गाय आणि पिसांची गादी, आणि मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव! म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांची मृत्युपत्रंसुद्धा वाचा. एक सावधगिरी मात्र ठेवा, ‘कझिन’ म्हणजे त्या काळी पुतण्या-भाचाही असायचा, आणि सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही, एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला सीनियर.

आता तारखा. १७५२ पर्यंत तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखा १७३२/३ अशा जोडसालात दिसतात. आपल्या हिशेबाने ते १७३३. थडग्याच्या दगडावर कधीकधी नुसतंच १७३२ असतं, आणि मग बाप मेल्यावर दहा महिन्यांनी मूल जन्मल्यासारखं दिसतं.

मग दगड. पंख लावलेली कवटी कोरलेली असेल तर साधारण जुना, नंतर पंखवाले गोंडस चेहरे आले, त्यानंतर कलश आणि विलोचं झाड. पाटीच्या काळ्या दगडावरची अक्षरं तीनशे वर्षांनीही वाचता येतात, संगमरवर मात्र झिजतो. एफसारखं दिसणारं अक्षर बरेचदा लांब एस, म्हणजे एसचंच जुनं रूप असतं. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा, ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवरा मागे राहिला. ‘वयाच्या ५७ व्या वर्षी’ म्हणजे ५६ पूर्ण. म्हणजे १४ फेब्रुवारी १७३२/३ ला गेलेला माणूस फेब्रुवारी १६७६ ते फेब्रुवारी १६७७ च्या मधे कधीतरी जन्मला. सरळ ५७ वजा करून मी एक अख्खी चुकीची शाखा चिकटवली होती, नातवाने प्रोजेक्ट शाळेत दिल्यावर लक्षात आलं.

अक्षरं दिसत नसतील तर खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश अजिबात नको, दगड खराब होतो. कागद ठेवून पेन्सिल घासायलाही बॉस्टनच्या ऐतिहासिक दफनभूमींमध्ये बंदी आहे. एक आरसा न्या, ऊन दगडावर आडवं पाडा, अक्षरं उठून दिसतात, फोटो काढा, शेजारच्या दगडांचेही काढा. पण माणूस त्याच दगडाखाली आहे असं धरू नका. बॉस्टनच्या १६६० च्या ग्रॅनरी दफनभूमीत नंतर दगड उचलून सरळ रांगेत लावले, आणि खाली कोण कुठे झोपलंय ते तसंच राहिलं.