खांदा बसला म्हणजे बरा झाला नव्हे

"बसला की! चार दिवस हळद लाव, सोमवारी ये तालमीत." माझा डावा खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा वस्ताद एवढंच म्हणाले. मी १९ वर्षांचा होतो, सोमवारी गेलोसुद्धा. पुढे तोच खांदा आणखी पाच वेळा निखळला. शेवटच्या वेळी तर कुस्तीही नव्हती, आंघोळ करून बनियन चढवत होतो.

खांद्याची गोम अशी की हा सांधाच उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खोबणी मात्र बशीएवढी उथळ. म्हणून तर हात चौफेर फिरतो. गोळा जागेवर राहतो तो खोबणीच्या काठावरच्या कुर्चेच्या कड्यामुळे, सांध्याभोवतीच्या पिशवीमुळे आणि चार छोट्या स्नायूंमुळे. या स्नायूंना डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. हात वर आणि बाहेर असताना मागे रेटा बसला की गोळा पुढून बाहेर येतो. डाव टाकताना हात अडकलेला पैलवान असो, नाहीतर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलसाठी झेप घेतलेला गोलकीपर, गोष्ट तीच. दहातले नऊहून जास्त खांदे असे पुढेच निखळतात. बाहेर पडताना गोळा ते कडं बहुधा फाडून जातो. गोळा परत बसवता येतो, कडं फाटलेलंच राहतं.

त्यामुळे मातीतच हात ओढून खांदा बसवणं ही पहिली चूक. हाडवैद्यांबद्दल मला आकस नाही, त्यांच्या बोटांत कसब असतं. पण हाडाला चीर गेली आहे की नाही, हे एक्स-रेशिवाय बोटांना कळत नाही. खांद्याजवळून जाणारी नसही दबलेली असू शकते. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागाला बधिरपणा आला असेल, बोटं गार पडली असतील, तर अजिबात वेळ घालवू नका. हात जसा आहे तसाच टॉवेलने छातीशी बांधा आणि सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या हाडांच्या दवाखान्यात न्या. वाटेत चहा-पाणी पाजू नका, कारण खांदा बसवताना गुंगी द्यावी लागू शकते. बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात, तो टाळू नका.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. घरी आल्यावर कोणीतरी तेल गरम करतं. तालमीत मर्दनाची सवय असते, पण ताज्या दुखापतीवर पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं सूज वाढवतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून काही वेळा, एवढंच करा.

हात अडकवायच्या झोळीचंही तसंच. कोणी दुसऱ्याच दिवशी काढून फेकतं, कोणी दीड महिना गळ्यात मिरवतं. साधारण एक ते तीन आठवडे पुरतात, नेमके किती ते डॉक्टर ठरवतील. तेवढ्या काळातही बोटं, मनगट आणि कोपर हलवत राहायचं. चाळिशीपुढच्यांनी जास्त सावध राहावं, त्यांचा खांदा लवकर आखडतो आणि रोटेटर कफ फाटण्याची शक्यताही जास्त. दुसऱ्याने उचलला तर हात वर जातो, पण आपला आपण उचलत नाही? सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दुखायचं थांबलं की गडी जोर मारायला लागतो. दुखणं थांबतं दोन-तीन आठवड्यांत, स्नायूंना ताकद यायला महिने लागतात. आधी कोपर कुशीला चिकटवून रबर बँड बाहेर ओढायचा. मग भिंतीवर हात टेकून जोर, मग टेबलावर, मग जमिनीवर. मुदगल आणि करेला, म्हणजे फिरवायचे जड लाकडी सोटे, अगदी शेवटी. डोक्यामागून फिरवताना हात नेमका निखळायच्याच स्थितीत जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लढतीला सहसा तीन-चार महिने, ऑपरेशन झालं असेल तर चार ते सहा किंवा जास्तही. दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी झाली का आणि चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात हात नेला की 'आता सटकणार' अशी धास्ती वाटते का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. धास्ती असेल तर आखाड्यात उतरू नका.

विशीच्या आतल्या, झटापटीचा खेळ खेळणाऱ्या पोरांत खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. म्हणून ऑपरेशनचा विषय पहिल्याच वेळी डॉक्टरांकडे काढा, सहाव्या वेळी नको. दर वेळी खोबणीचा काठ झिजतो. मग दुर्बिणीतून कडं शिवून भागत नाही, तिथे हाडाचा तुकडा बसवावा लागतो.

जत्रांचा हंगाम आला की आणखी एक मोह असतो, इंजेक्शन घेऊन कुस्ती मारायची. दुखणं झाकलं जातं, फाटलेलं तसंच राहतं. शिवाय अधिकृत स्पर्धा असेल तर २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं इंजेक्शन सांध्यात घेण्यासही बंदी आहे.

वस्ताद ऐकत नसतील तर त्यांनाच एकदा सोबत न्या. आमचे आले होते, सहाव्या वेळेनंतर. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा हातात घेऊन बराच वेळ गोळा आत-बाहेर करत बसले. परत येताना काही बोलले नाहीत. आता तालमीत कोणाचा खांदा निखळला की ते आधी रिक्षा बोलावतात.