स्टिंग ऑपरेशन: या चुका टाळा

बहुतेक स्टिंग पहिल्या दोन मिनिटांतच फसतात, कारण पैशांचा विषय वार्ताहरच काढतो. "काम करून द्या, पन्नास हजार देतो" असं तुम्हीच म्हणालात, तर समोरचा लाच मागत होता की तुम्ही त्याला गळ घातली, हे कोणालाच सांगता येणार नाही. "या कामासाठी काय करावं लागेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती शांतता सहन न होऊन नवखा वार्ताहर हमखास आकडा बोलून जातो. २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवरचं स्टिंग तर चक्क बनावट निघालं, आणि तोवर तिला जमावाची मारहाण सोसावी लागली होती.

पत्रकार म्हणून लाच देण्याची सवलत मिळत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली लाच देणंही गुन्हा आहे. तपास यंत्रणेला आधी कळवून, तिच्या मदतीसाठी पैसे दिले असतील तर सूट आहे. म्हणून नोटा द्यायच्याच असतील तर आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला लेखी कळवा. नाहीतर मागणी रेकॉर्ड झाली की तिथेच थांबा.

ग्राहक म्हणून जाणं वेगळं, पोलीस किंवा सरकारी अधिकारी म्हणून जाणं वेगळं. त्या तोतयागिरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार किमान सहा महिने कैद आहे.

एवढं सांभाळूनही पुरावा हातचा जातो तो मेमरी कार्डामुळे. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि उलटतपासणीत तेवढंच पुरतं. परत आल्यावर त्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून कार्डाचं लॉक सरकवा, दोन प्रती काढा, मूळ फाइलची एसएचए-२५६ हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची डिजिटल खूण) वेळेसह लिहून ठेवा आणि कार्ड सीलबंद करा. ते पुन्हा वापरू नका. एडिटिंग फक्त प्रतीवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप पुन्हा कॉम्प्रेस होते आणि हॅश जुळत नाही. प्रत न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश नोंदवावी लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याखालचं असं प्रमाणपत्र प्रतींसाठी अनिवार्यच ठरवलं होतं.

दाखवताना रांगेतल्या माणसांचे, शिपायाचे चेहरे झाका. लहान मूल असेल तर चेहऱ्याबरोबर नाव, शाळा आणि गणवेशही.